कारणाचा वाद चालू द्या, पण बाईचा इलाज कशाला थांबवता?

मागच्या आठवड्यात कोहमाऱ्याच्या चौकात चहा घेत बसलो होतो. बाजूच्या बाकावर चौघांचा वाद रंगला होता. विषय होता गावातल्या एका बाईच्या वाकड्या होत चाललेल्या बोटांचा. एक म्हणे, "युरियाचा भात खाऊन असंच होते बाप्पा." दुसरा म्हणे, "कोरोनाच्या सुईनं झालं ते." तिसऱ्याचं म्हणणं, "घरातलाच वात आहे, तिच्या मायलेही होता." चौथ्यानं तर थेट मागच्या जन्मावर नेलं. अर्धा तास वाद चालला. त्या अर्ध्या तासात एकानंही विचारलं नाही की त्या बाईचा इलाज कुठं चालू आहे.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या वेळी काय वेगळं झालं होतं जी? कारण सगळ्यांनी सांगितलं, दवाखाना कोणीच नाही सांगितला." मग म्हणाली, "लिहा यावर. नाव टाकू नका, बाकी सगळं लिहा." म्हणून लिहितोय. थोडं लांब आहे, पण घरात कोणाचे सांधे दुखत असतील तर शेवटपर्यंत वाचा.

२०१९ चा रोवणीचा हंगाम होता. वहिनी तेव्हा अडतीस वर्षांची. सकाळी उठली की मूठ वळत नव्हती. तास-दीड तास दोन्ही हात कडक. दोन्ही मनगटं सुजलेली, बोटांचे मधले सांधे सुजलेले. बादली उचलत नव्हती, पऱ्ह्याची पेंडी सुटत नव्हती. घरातल्या सगळ्यांनी, त्यात मीही आलो, म्हटलं की दिवसभर चिखलात वाकून राहते, थंडी धरली असेल. रोवणी संपली, दुखणं संपलं नाही. मग एका ठिकाणी दर चार दिवसांनी सुई टोचून घेणं सुरू झालं. सुईचा जोर उतरला की पुन्हा तेच.

मग आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाची पुडी आणली. तीन दिवसांत चमत्कार! वहिनी कापणीला गेली, विळा धरला, भारे बांधले. आम्ही त्या माणसाचं नाव गावभर केलं. मी स्वतः किती जणांना त्याचा पत्ता दिला असेल, हिशेब नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लपवत नाही.

सहा महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, अंगाला सूज आली, शुगर वाढली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, बाजार बंद झाला, पुडी संपली. चार-पाच दिवसांत वहिनी खाटेवरून उठेना. उलट्या, चक्कर, बीपी खाली. पास काढून, गाडी करून नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली, तिला तपासलं आणि सांगितलं की पुडीत स्टेरॉइड असणार. रोज बाहेरून स्टेरॉइड मिळत असलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करते. मग एकाएकी पुडी थांबली की माणूस कोसळतो. (कोणी अशी पुडी घेत असेल तर हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू कमी करून देतील.)

रक्त तपासल्यावर नाव कळलं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपण ज्याला सरसकट 'वात' म्हणतो, त्यातला हा एक वेगळाच प्रकार आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो हा नाही. ही ऑटोइम्यून आजारांच्या घराण्यातली व्याधी आहे.

ऑटोइम्यून म्हणजे काय, तेव्हा डॉक्टरांनी आमच्या भाषेत सांगितलं. शरीरात जंतूंशी लढणारी फौज असते. ही फौज चुकून आपल्याच माणसांवर चालून जाते. सांध्यांवर गेली तर हा आजार, कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर गेली तर कोड, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर गेली तर लहान पोरांचा टाइप १ मधुमेह. शेताची राखण करायला कुत्रा पाळला आणि तो धन्यालाच चावायला लागला, असा हा प्रकार.

शरीर स्वतःवर असं उलटेल यावर आधी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही विश्वास नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या पॉल एर्लिख यांचं मत होतं की निसर्ग असं होऊच देणार नाही. मग उलट प्रश्न पुढे आला: ही फौज बहुतेकांच्या शरीरात उलटत का नाही? तिला आवरणाऱ्या खास पेशी असतात. त्या शोधल्याबद्दल २०२५ चं वैद्यकातलं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमोन साकागुची यांना मिळालं. इतकं ताजं हे ज्ञान आहे. तेव्हा चौकातल्या चौघांचं एकमत झालं नाही यात नवल नाही.

आता त्यांचे मुद्दे एकेक करून पाहू. कोणालाही वेड्यात काढत नाही.

'घरातलाच वात' म्हणणाऱ्याचं अर्धं खरं आहे. वारसा असतो. पण हुबेहूब सारख्या जुळ्यांमध्ये एकाला हा आजार असला तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण साधारण १२ ते १५ टक्केच आहे. दोघांची जनुकं सारखी, तरी बहुतेक वेळा दुसरा सुटतो. म्हणजे वारसा हे फक्त बारूद झालं, ठिणगी दुसरीकडून येते.

ठिणगी कोणती? एक नक्की माहीत आहे ती धुराची. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला ऱ्हुमॅटॉइडचा धोका वाढतो. बिडीच्या आपल्या जिल्ह्यानं हे लक्षात ठेवायला हवं. दुसरी दगडाच्या बारीक धुळीची. खाणीत, गिट्टी क्रशरवर काम करणाऱ्यांना फुप्फुसाच्या आजारासोबत हाही धोका असतो. महामार्गाच्या कामाला लागणारी गिट्टी फोडणाऱ्या मजुराच्या नाकावर साधा दुपट्टा असतो, तेवढ्यानं ती धूळ थांबत नाही. पण माझ्या वहिनीनं आयुष्यात बिडीला हात लावला नाही आणि क्रशर लांबूनच पाहिला.

युरियावाल्याला सांगतो, भाऊ, भातातल्या युरियानं सांधे धरतात असा पुरावा नाही. कीटकनाशकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत शेतकरी कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात काही फवाऱ्यांचा आणि या आजाराचा संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही, पण फवारताना तोंड झाकायला आणि हातमोजे घालायला पुरावा पूर्ण व्हायची वाट कशाला पाहता?

सुईवाल्याचं काय? कोरोनाची लस आपल्याकडे २०२१ मध्ये आली, वहिनीची बोटं २०१९ मध्ये सुजली. तिच्यापुरता तो मुद्दा तिथंच संपला. काही लसींनंतर गियान बारे नावाचा नसांचा आजार अगदी क्वचित नोंदला गेलाय, ते लपवायचं काही कारण नाही. पण तोच आजार साध्या दूषित पाण्यानंतर किती मोठ्या प्रमाणात येतो हे पुण्यानं दाखवलं.

जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव हा भाग. आधी लोकांना जुलाब, मग पायातली ताकद गेली, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. रुग्ण दोनशेवर गेले, काही दगावले. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून, कच्च्या-अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. या जंतूचं बाहेरचं आवरण आणि आपल्या नसांचा एक घटक यांत साम्य असतं. फौज जंतूवर धावते आणि नसाही कुरतडते. हाही ऑटोइम्यूनच. इथं ठिणगी ओळखू आली. पण तेच पाणी तर हजारोंनी प्यायलं, सगळ्यांना का नाही झालं? परत तोच धडा: कारण एक नसतं, चार-पाच गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात.

आणि पुण्याचा दुसरा धडा मला जास्त मोठा वाटतो. कारणाचा तपास एकीकडे चालू होता, कोणाच्या विहिरीत काय सापडलं यावर वाद चालू होता. तरी दवाखान्यात इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दिवसापासून सुरू होता. इंजेक्शन महाग, तर सरकारला खर्चाची सोय करावी लागली. कारण पक्कं होऊ द्या, मग बघू, असं कोणी म्हटलं नाही. आमच्या वहिनीच्या वेळी नेमकं उलटं झालं. कारणावर सगळे बोलले आणि नऊ महिने गेले.

हे नऊ महिने फार महाग पडतात. या आजारात पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे बरेचसे वाचवता येतात. एकदा हाड कुरतडलं गेलं की मग कोणतंही औषध ते परत आणून देत नाही. वहिनीचा आजार आज आटोक्यात आहे, ती शेतात जाते, भाकरी थापते. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. आजार कशानं झाला ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ती दोन बोटं उशिरानं गेली, एवढं मात्र सांगू शकतो.

उपचाराबद्दलही थोडं बोलू, कारण वाद तिथंही आहे. पुडीची जादू आपल्याच बाजारात झाली असं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरांनी याच आजारानं जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिझोनची इंजेक्शनं दिली. काही दिवसांत ती चालायला लागली. सगळं जग थक्क झालं, १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. नंतर मोठ्या डोसचे परिणाम दिसू लागले: सूज, शुगर, ठिसूळ हाडं, जंतुसंसर्ग. तेव्हापासून शहाणे डॉक्टर स्टेरॉइड जपून, थोडं, थोड्या दिवसांसाठी देतात. ते औषध वाईट नाही, चोरून आणि बेहिशेबी दिलेलं वाईट. आपल्या भागात तर अजून एक धोका आहे. अंगात दबून असलेला टीबी स्टेरॉइडनं डोकं वर काढतो.

आज या आजाराचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, जुनं आहे, सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असते. रोज घेतलं तर जिवावर बेतते. वहिनीच्या डबीवर भाच्यानं मोठ्या अक्षरात 'फक्त रविवार' लिहून ठेवलंय. सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्ताची आणि लिव्हरची तपासणी, दारू बंद. मूल हवं असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

दुसरं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. नाव ओळखीचं वाटते ना? २०२० मध्ये कोरोनावर चालते म्हणून ज्यांना गरज नव्हती त्यांनी घरात साठा केला. तेव्हा वहिनीच्या चिठ्ठीवर ते होतं आणि आम्ही मेडिकल-मेडिकल फिरत होतो. पुढं मोठ्या चाचण्यांत निघालं की कोरोनावर त्याचा उपयोगच नव्हता.

"मग आयुर्वेद काय खोटा?" असं विचारणारे आहेत. मी तसं म्हणत नाही. आमवाताचं वर्णन माधवनिदानात शेकडो वर्षांपूर्वी आलंय. कोइंबतूरला ४३ रुग्णांवर आयुर्वेदिक उपचार आणि मेथोट्रेक्सेट यांची रीतसर तुलना झाली, २०११ मध्ये ती छापून आली. फरक फारसा दिसला नाही, पण ४३ माणसांवरून निकाल लागत नाही, असं करणाऱ्यांनीच तो प्रयोग प्राथमिक म्हणून मांडला. असा तपास आणखी व्हावा. नोंदणी असलेला वैद्य काय देतो ते लिहून देतो, त्याच्याकडे जाणं तुमचा हक्क. मात्र चालू गोळी परस्पर बंद करू नका, दोघांनाही एकमेकांचं औषध सांगा. ज्या पुडीवर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही, ती आयुर्वेदही नाही आणि ॲलोपॅथीही नाही.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. प्रत्येक सांधेदुखी ऑटोइम्यून नसते आणि इथं फसायला जागा जास्त आहे. पूर्व विदर्भ सिकलसेलचा पट्टा. तरुण पोराचे हातपाय दुखतात, तर आधी सिकलसेल तपासा. तो जन्मतः येणारा रक्ताचा आजार आहे, इलाज पूर्ण वेगळा. चिकनगुनियानंतरही महिनोन्महिने सांधे धरतात, २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरानं ते भोगलं. दिसायला ते अगदी ऱ्हुमॅटॉइडसारखं, पण बहुतेकांचं पुढं उतरते.

आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हे कुष्ठरोगाचेही जिल्हे. फिकट डाग दिसला की घरचे घाबरून लपवतात. ढोबळ खूण सांगतो: कुष्ठरोगाच्या डागाला बहुधा स्पर्श कळत नाही, कोडाच्या पांढऱ्या डागाला कळते. कोड शिवण्यानं पसरत नाही, म्हणून त्या पोरीचं लग्न मोडायचं काही कारण नाही. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, म्हणून तोही लपवायचं कारण नाही. पण हे निवडायचं काम डॉक्टरचं. चौकातल्या बाकाचं नाही.

मग डॉक्टर कुठं? इथं खरा प्रश्न येतो आणि म्हणूनच ही घरची गोष्ट मी चारचौघांत मांडतोय.

१९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांत साधारण १८ टक्क्यांना हाडा-सांध्यांचा त्रास निघाला आणि ऱ्हुमॅटॉइड सुमारे अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटते. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्हा १३ लाख २२ हजारांचा. त्यातले साडेआठ लाख प्रौढ धरले आणि भिगवणचं प्रमाण लावलं, तरी चार हजारांवर माणसं होतात. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, पण आकडा निम्मा केला तरी दोन हजार. त्यात बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. या सगळ्या कुठं जातात? चौकातून एक रस्ता गोंदियाला जातो, एक नवेगावबांधकडे. सांध्यांच्या तज्ज्ञाकडे जायला महामार्गानं नागपूर, शंभराच्या वर किलोमीटर. एक दिवसाची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, तिकीट, तपासणी. म्हणून लोक पुडी घेतात. पुडी घेणारा अडाणी नसतो, त्याच्या हाताशी तेवढंच असते.

"योजना आहे ना," म्हणतील. महात्मा फुले जनआरोग्य योजना चांगलीच आहे, पण तिची पॅकेजेस मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णांसाठी. वहिनीसारखी बाई दाखल होत नाही. तिला लागते दर महिन्याची गोळी, ठरल्या वेळी रक्ततपासणी आणि विचारायला एक जाणता माणूस, तेही वर्षानुवर्षं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. इमारत नको, उद्घाटन नको.

एक, गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून सुरू आहे. तिथं महिन्यातून एक ठरलेला दिवस सांधे-आजारांच्या ओपीडीचा ठेवा. तज्ज्ञ नागपूरहून येऊ द्या, नाहीतर व्हिडिओवरून बोलू द्या. तारीख मात्र आधी जाहीर करा.

दोन, आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी तपासणीसाठी रक्त तालुक्यातच घ्या आणि नमुना गोंदियाला पाठवा. प्रवास रक्तानं करावा, बाईनं कशाला?

तीन, निदान झालेल्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ग्रामीण रुग्णालयातून मिळू द्या, रक्ततपासणीसह.

चार, आशाताई बीपी-शुगरसाठी घरी येतात तेव्हाच त्यांना तीन प्रश्न जोडून द्या: सकाळी हात अर्ध्या तासाहून जास्त कडक राहतात का? दोन्ही बाजूंचे सांधे सुजतात का? सहा आठवड्यांच्या वर झालं का? तिन्हीला हो आलं तर चिठ्ठी आणि पुढं. अर्थात या कामाचे पैसे त्यांना द्यायचे, फुकट राबवायचं नाही.

पाच, बाजारातल्या बिननावाच्या पुड्या तपासायला पाठवा.

शेवटी घरातल्या पुरुषांना एक गोष्ट, मला स्वतःला धरून. वहिनी रोवणीच्या पहिल्या आठवड्यातच सांगत होती की हात वळत नाही. आमच्यापैकी एकानंही चूल पेटवणं, पाणी भरणं यातलं काही हाती घेतलं नाही, तर दवाखाना दूरच. बैलाच्या खुराला सूज आली असती तर त्याच दिवशी डॉक्टर आणला असता. हे वहिनी बोलली नाही, मीच बोलतोय. सरकारकडे मागताना आपल्या घरातला उशीरही मोजायला हवा.

येत्या ग्रामसभेत वरच्या पाच मागण्यांचा ठराव मी मांडणार आहे. आजूबाजूच्या गावातल्यांनी आपापल्या ग्रामसभेत मांडावा, मजकूर हवा असेल तर इथूनच उचला, माझं नाव नको. आमदार-जिल्हा परिषदवाल्यांपर्यंत कोणी पोचवला तर बरं. आणि चौकातल्या त्या चौघांना हात जोडून विनंती: वाद खुशाल करा, मीही बसतो सोबत. फक्त उठताना त्या बाईच्या घरी जाऊन विचारा, इलाज कुठं चालू आहे. नसेल चालू, तर मला सांगा. यावेळी मी पुडीवाल्याचा पत्ता देणार नाही, सोबत नागपूरला येईन.